कर्ज फेडलं, आता नोकरी तरी करू द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात बँक भरतीची बातमी आली की आमच्या नंदनवनातल्या लायब्रऱ्यांमध्ये पोट्टे-पोट्टी फॉर्म भरायला बसतात. वय किती, फी किती, सेंटर नागपूर मिळते का एवढं सगळे पाहतात, पण जाहिरातीत पुढे कुठंतरी एक अट असते ती कोणी वाचत नाही. उमेदवाराने कर्ज किंवा क्रेडिट कार्डचं बिल थकवलेलं नसावं, आणि काही जाहिरातींत, थकवलं असेल तर नोकरीवर घेण्याआधी ते भरून तशी एनओसी, म्हणजे काही बाकी नाही असं कर्ज देणाऱ्याचं पत्र, दाखवावी, अशी ती अट. मी एका टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात काम करते, संध्याकाळी ओळखीतले तरुण मोबाईलवर सिबिल रिपोर्ट (आपण कर्ज कसं फेडलं त्याची नोंद) घेऊन "ताई जरा पाहून सांगा ना" म्हणत येतात, त्यांच्याकडे पाहून हे पत्र लिहून राहिली आहे.

ही मुलं उधळी आहेत असं लोकांना वाटते, ते मला अजिबात पटत नाही. बहुतेकांची गोष्ट एकसारखी असते, इंजिनीअरिंग किंवा बीकॉम झालं, पुण्याला जॉब लागला, दोन-तीन वर्ष बरं चाललं मग कंपनीने माणसं कमी केली, रूमचं भाडं आणि मेसचे पैसे थांबत नाहीत म्हणून ते कार्डवर गेले, कार्डचं बिल भरायला एका ॲपवरून कर्ज आणि त्या ॲपचा हप्ता भरायला दुसऱ्या ॲपवरून. काहींनी पाच-सहा वर्ष एमपीएससीला दिलेली असतात आणि क्लासची फी हप्त्यावर घेतलेली असते. मग 26-27 व्या वर्षी नागपूरला घरी परत, मिहान नाहीतर बुटीबोरीच्या कंपन्यांत चौकशी केली की पंधरा-सोळा हजाराच्या वर कोणी बोलत नाही आणि हप्ते मात्र पुण्याच्या पगाराच्या हिशोबाचे असतात.

घरी कोणाला सांगत नाहीत हे सगळ्यात वाईट. बाबांना माहीत नाही, मोठ्या भावाला माहीत नाही, फक्त रिकव्हरीवाल्याला माहीत आहे.

कार्डचा हिशोब मी प्रत्येकाला कागदावर करून दाखवते. समजा 40 हजार बाकी आहे आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के, जे कार्डवर नेहमीचंच आहे, तर व्याज झालं 1400, त्यावर 18 टक्के जीएसटी 252, म्हणजे 1652 रुपये. मिनिमम ड्यू, म्हणजे महिन्याला कमीत कमी भरायची रक्कम, 5 टक्के धरला तर 2000 भरले, त्यातले मूळ रकमेत गेले फक्त 348. मुलगा वर्षभर इमानदारीने 2000 भरत राहतो आणि बाकी फारशी हलत नाही, मग त्याला वाटते आपल्याकडून हे कधी फिटणारच नाही आणि तो भरणंच सोडून देतो. म्हणून मी म्हणते आधी सगळी कर्जं एका कागदावर लिहा, ज्याचं व्याज जास्त त्याच्यावर जास्तीचे पैसे टाका, बाकीच्यांचा हप्ता चुकवू नका, आणि नवीन ॲप उघडू नका. घरच्यांशी बोलून बँकेचं सोनेतारण कर्ज घेतलं आणि कार्ड एकदाचं बंद केलं तरी ते कितीतरी स्वस्त पडते, पण ते आईला सगळं खरं सांगूनच करायचं, तिच्या नकळत नाही.

यापेक्षा मोठं नुकसान सेटलमेंटमध्ये होते आणि त्यावर कोणी बोलत नाही. फोन येतो की 60 हजार आहेत, 25 हजार भरा आणि विषय संपवा. घरचे वैतागलेले असतात, एफडी मोडून पैसे भरतात, सगळ्यांना वाटते सुटलो. पण कर्ज देणारी कंपनी रिपोर्टमध्ये ते खातं बंद झालं असं न लिहिता सेटल केलं असं लिहिते, म्हणजे पूर्ण पैसे आले नाहीत, आणि हे रिपोर्ट बनवणाऱ्या सिबिलसारख्या क्रेडिट माहिती कंपन्यांना असा इतिहास किमान 7 वर्ष ठेवावा लागतो. पुढे मुलगा बँकेची परीक्षा पास होतो तेव्हा हे बाहेर येते. उरलेली रक्कम भरून, एनओसी घेऊन ते खातं पूर्ण बंद झालं असं दुरुस्त करून घेता येते, हे त्याला सेटलमेंटच्या वेळी कोणी सांगितलेलं नसते. सांगितलं असतं तर त्याने कदाचित 25 हजार एकदम देण्याऐवजी हप्त्यांची मुदत वाढवून मागितली असती. सेटलमेंट करायचीच वेळ आली तर तोंडी बोलण्यावर एक रुपया देऊ नका, कंपनीच्या लेटरहेडवर रक्कम आणि तारीख आली पाहिजे, आणि पैसे कंपनीच्या खात्यातच भरा, एजंटच्या नंबरवर नाही.

फोनचंही सांगते कारण त्याला घाबरून मुलं काहीही कबूल करतात. सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीचा फोन करता येत नाही, नातेवाईकांना फोन करून बदनामी करता येत नाही, हे रिझर्व्ह बँकेने 2022 मध्येच बँकांना आणि फायनान्स कंपन्यांना बजावलं आहे. कंपनीकडे लेखी तक्रार करून 30 दिवसात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, 14448 वर माहिती मिळते. कर्ज फेडूनही रिपोर्टमध्ये बाकी दिसत असेल तर त्याची पण तक्रार करा, 30 दिवसात दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे 100 रुपये भरपाई द्यायचा नियम आहे. रिपोर्ट पाहायला पैसे लागत नाहीत, रिपोर्ट बनवणाऱ्या चारही कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतात, तरी आमच्याकडे लोकं त्याचेसुद्धा पैसे देऊन येतात. आणि गल्लीतल्या सावकाराकडे तर जाऊच नका, महिन्याला दहा टक्के घेणारे आहेत, आपल्या राज्यात सावकारीचा 2014 चा कायदा आहे, परवान्याशिवाय हा धंदा करणं गुन्हा आहे आणि त्याची तक्रार जिल्हा उपनिबंधक कार्यालयात होते.

आता माझं खरं म्हणणं. 2025 मध्ये मद्रास उच्च न्यायालयात एका उमेदवाराची केस झाली, स्टेट बँकेने निवड झाल्यावर त्याची नेमणूक जुन्या थकबाकीमुळे रद्द केली, आपण सगळं फेडलं आहे असं तो म्हणत होता पण कोर्टाने बँकेची बाजू मान्य केली. लोकांचा पैसा सांभाळणाऱ्याने स्वतःचे व्यवहार नीट ठेवावे हे मलाही समजते. पण 23 व्या वर्षी नोकरी गेली म्हणून हप्ते चुकले आणि 27 व्या वर्षी त्याने पोटाला चिमटा काढून पूर्ण पैसे फेडले, तर तो माणूस पैशाच्या बाबतीत बेजबाबदार कसा? उलट त्याने ते करून दाखवलं आहे. केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्ये म्हटलं होतं की सिबिल स्कोअर कमी आहे एवढ्यावरून विद्यार्थ्याला शैक्षणिक कर्ज नाकारू नये. शिकायला जो न्याय तोच कमवायला का नको? माझी मागणी साधी आहे, ज्याने पूर्ण रक्कम भरून एनओसी आणली त्याला सरकारी बँकांच्या प्रत्येक भरतीत साफ धरावं, मग तो आधी किती महिने थकला होता हे पाहू नये. काही जाहिरातींत एनओसी चालते असं लिहिलेलं असते, ते सगळीकडे सारखं आणि स्पष्ट पाहिजे. आणि तुम्ही भरतीची बातमी छापता तेव्हा ही अट फीच्या शेजारी ठळक छापा, मुलं तयारीला लागतानाच रिपोर्ट काढून पाहतील.

मधल्या काळात काय करायचं हाही प्रश्न येतो. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिन्याला 10 हजार मिळतात, बारावीवाल्याला 6 हजार, रिझ्युमेवरचा गॅप भरतो म्हणून ते चांगलंच आहे, पण ज्याचा हप्ताच 12 हजाराचा आहे त्याने ते धरून बसू नये. अशा मुलांना मी म्हणते पुण्याच्या पॅकेजचा आकडा डोक्यातून काढा, घरी राहून रूमचं भाडं वाचते आहे तो पण पगारच समजा, आणि अकाउंट्स, टॅली, जीएसटी असं हाताला लागेल ते शिकून घ्या.

आणि एक शेवटची मागणी आपल्या शहराकडून. कर्जाबद्दल फुकट सल्ला द्यायला वित्तीय साक्षरता केंद्र असतात, रिझर्व्ह बँकेचं ऑफिस तर आपल्या सिव्हिल लाईन्सलाच आहे, पण नोकरी करणारा मुलगा ऑफिस टाइममध्ये तिथे जाणार कसा? आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी 6 ते 8 आणि रविवारी सकाळी हा सल्ला मिळाला पाहिजे, महापालिकेच्या वाचनालयात एक टेबल दिलं तरी चालेल. विद्यापीठाने शेवटच्या वर्षाच्या मुलांना निदान एक दिवस यावर द्यावा. बसायला माणसं नाहीत असं कोणी म्हणत असेल तर अकाउंट्समध्ये काम करणारे आमच्यासारखे पुष्कळ जण या शहरात आहेत, मी स्वतः दर रविवारी यायला तयार आहे, फक्त जागा आणि परवानगी द्या.

आपली,
एक वाचक,
नंदनवन, नागपूर