धूर थांबला म्हणजे युनिट जळाले असे नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खेळण्यातल्या छोट्या आगगाडीच्या इंजिनात धूर काढणारे एक युनिट असते. त्यातून धूर येणे थांबले, की दुकानदार आतले काहीही न पाहता ‘युनिट जळाले, नवीन घ्या’ असे सांगून मोकळे होतात. लातुरात माझ्या नातवाच्या इंजिनाबाबत नुकतेच हेच घडले. त्याहून काळजीची बाब म्हणजे, एका परिचितांच्या घरी धूर यावा म्हणून मुलांनी धुराड्यात रॉकेल ओतल्याचे मी पाहिले. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

या युनिटमध्ये खरे तर काहीच जळत नाही. खनिज तेलापासून केलेला खास द्रव वातीत मुरतो, वातीला टेकलेला रेझिस्टर (विजेला अडथळा करून तापणारा भाग) त्याला तापवतो, आणि त्याची वाफ हवेत निवून जे बारीक तुषार होतात तेच आपल्याला धूर म्हणून दिसतात; पंखा किंवा दट्ट्या ते वर ढकलतो. अमेरिकेतील लायोनेल कंपनीने १९४६ साली बल्बच्या उष्णतेवर धूर देणारी गोळी ठेवून धूर काढला आणि पुढच्याच वर्षी ती नायक्रोम या मिश्रधातूच्या, विजेने तापणाऱ्या तारेकडे वळली. अशा तापत्या भागावर रॉकेल पेट घेऊ शकते आणि खोबरेल तेल करपून वात चिकट करते, तेव्हा ही दोन्ही कटाक्षाने टाळावीत.

नातवाचे युनिट मी स्वतः उघडले. विजेचा रोध मोजणारा मल्टिमीटर लावला तेव्हा २७ ओहमच्या रेझिस्टरने २६ च्या आसपास आकडा दाखवला, म्हणजे तो शाबूत होता. तुटला असता तर मीटरने ओहमचा आकडा दाखवलाच नसता. पंखाही फिरत होता. दोष वातीत होता. द्रव संपल्यावरही इंजिन चालू राहिल्याने तिचे रेझिस्टरला टेकलेले टोक काळे आणि कडक झाले होते, नखाने दाबताच त्याचा भुगा झाला. काजळी धरलेली समईची वात तेल ओढत नाही, तसेच हे. करपलेला भाग काढून फायबर ग्लासची नवी वात बसवली (कंदिलाची सुती वात इथे चालत नाही), ती रेझिस्टरला टेकेल पण पंख्याची हवा अडवणार नाही अशी सारली आणि द्रवाचे मोजके थेंब घातले. मिनिटभरात धूर आला. रेझिस्टर खरोखर तुटला असेल, तर त्याच ओहमचा आणि तितकेच वॅट पेलणारा बसवावा; २७ ओहमवर १२ व्होल्ट आले तरी सव्वापाच वॅटच्या वर उष्णता होते, हे विसरू नये.

लातूरपर्यंत आलेल्या बार्शी लाईट रेल्वेच्या अडीच फुटी रुळांवरची वाफेची इंजिने ज्यांनी पाहिली, त्यांना या धुराचे मोल सांगायला नको. आयटीआयच्या शिक्षकांनी अशी बंद पडलेली युनिटे विद्यार्थ्यांपुढे उघडून दाखवावीत, आणि पालकांनी द्रव संपताच धुराचा स्विच बंद करण्याची सवय मुलांना लावावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, लातूर