लंगोट, नाचणीसत्त्व आणि कामाची वाटणी

पुणे
जूनचा पहिला आठवडा

प्रिय मेघा,

डोहाळजेवणाचे फोटो पाहिले. हिरव्या साडीत फार गोड दिसतेस गं.

परवा फोनवर तू विचारलंस, कापडी लंगोट आणि घरचं खाणं खरंच जमतं का? घाईत उत्तर द्यायचं नव्हतं, म्हणून सवडीने लिहायला बसले. जमतं. पण ते एकट्या बाईने अंगावर घ्यायचं नाही. हे आधी सांगते, बाकीचं नंतर.

आमच्याकडे कचरा न्यायला ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई येतात. आपण ओला-सुका वेगळा दिला तरी पुढे त्यांना तो हाताने निवडावा लागतोच. वापरलेला डायपर नीट गुंडाळूनच द्यायचा, असा घनकचऱ्याचा नियम आहे. या ताई त्यावर लाल ठिपका काढून द्यायला सांगतात. तरी लोक उघडेच टाकतात. आपल्या बाळाची शी दुसऱ्या बाईच्या हाताला लागावी हे मला सहन होईना. माझं कापडाकडे वळणं तिथून सुरू झालं.

पहिले दोन-तीन महिने विकतचे कापडी डायपर घेऊ नकोस. काकूंच्या जुन्या सुती साड्या काढून ठेव. नव्या कापडाला खळ असते. वापरून विरलेलं कापड मऊ असतं आणि ओल पटकन टिपतं. तान्हं बाळ दिवसाला दहा-बारा वेळा ओलं करतं, त्यामुळे दोन-अडीच डझन लंगोट हाताशी हवेत. बाळ जरा मोठं झालं की बटणांचे कापडी डायपर घे. त्यांना वरून न भिजणारं कापड असतं, आत खिसा, आणि खिशात सरकवायची घडी.

शी आधी संडासात टाकायची, लंगोट गार पाण्यात खळबळून घ्यायचा, मगच साबण. साबण बेताचा, पाणी भरपूर, कारण साबणाचा अंश राहिला तर बाळाची कातडी लाल होते. कपडे मऊ करायचं ते सुवासिक द्रव्य अजिबात नको. त्याचा थर बसतो आणि कापड ओल शोषेनासं होतं. पिवळे डाग उन्हाने फिके पडतात, त्यासाठी घासत बसू नकोस.

तुझी तारीख ऑगस्टची, म्हणजे ऐन पावसात. जाड घड्या वाळत नाहीत, कुबट वास धरतात. म्हणून एकपदरी लंगोट जास्त ठेव आणि पंख्याखाली दोरी बांधून घे. रात्री आणि प्रवासात विकतचा डायपर खुशाल वापर. दिवसाचे वाचले तेही पुष्कळ झाले.

जन्मल्यावर मधाचं बोट चाटवायला कुणी पुढे आलं तर ठाम नाही म्हण. वर्षाच्या आत मधातून बोटुलिझम हा विषबाधेचा आजार होऊ शकतो आणि तो जिवावर बेततो. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही.

उष्टावण फेब्रुवारीत येईल. नाचणीसत्त्वाची तयारी त्याआधी आठवडाभर कर. नाचणी चार पाण्यांनी धुऊन रात्रभर भिजत घालायची, सकाळी उपसून ओल्या पंचात घट्ट बांधून ठेवायची. पंचा सोडला की दाण्यादाण्याला केसासारखा पांढरा मोड दिसतो आणि गोडसर वास येतो. आंबट आला तर टाकून द्यायची. मग सावलीत वाळवून, मंद आचेवर जरा भाजून, दळून वस्त्रगाळ करायची. मोडांमुळे पिठातलं पिष्ट फुटतं, पेज फार घट्ट होत नाही. त्यामुळे त्याच वाटीत पीठ जास्त मावतं आणि एवढ्याशा पोटाला ताकद जास्त मिळते. पीठ गार पाण्यात कालवूनच आचेवर ठेव, नाहीतर गुठळ्या होतात. वरून तूप. मीठ-साखर वर्षभर नाही.

पण नुसत्या नाचणीवर राहू नकोस. सहा महिन्यांनंतर बाळाला लोह कमी पडायला लागतं. मूगडाळ-तांदळाची भरड शिजवून त्यावर लिंबाचे दोन थेंब पिळ, लोह अंगी लागायला मदत होते. अंडं तुमच्याकडे चालतंच, तेही नीट उकडून दे.

आता मुख्य गोष्ट. आमच्याकडे लंगोट धुणं नवऱ्याकडे आहे. सासूबाईंना आधी ते खटकलं. आता नाचणी वस्त्रगाळ करायला त्याच बसतात. लेकीची शी पातळ झाली की माझ्याआधी तिच्या बाबाला कळतं, आणि त्या दिवशी पेजेत काय घालायचं नाही तेही तोच सांगतो. ‘आम्ही नाही का केलं सगळं’ असं तुला ऐकवलं जाईल. त्या बायकांनी केलं, खूप केलं, पण त्यांच्या घरात आजी, आत्या, काकू असा बायकांचा राबता होता. तुमच्या घरात तू आणि प्रसाद. म्हणून त्याच्याशी आत्ताच बोल, बाळ आल्यावर नको. लंगोट कोण धुणार, बादली कुठे राहणार, रात्री कोण उठणार, सगळं. त्याला हे पत्र वाचायला दिलंस तरी चालेल.

माझ्याकडचे तीस लंगोट धुऊन, उन्हात वाळवून ठेवलेत. आई पुढच्या आठवड्यात नाशिकला येतेय, तिच्यासोबत पाठवते. सोबत थोडी नाचणीही आहे, ती तुझ्यासाठी. भाकरी करून खा. काकूंना नमस्कार सांग.

तुझीच,
अनघा