उंदराला पित्ताशय नसतं, नाना

तीर्थस्वरूप नाना यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण माझ्या प्रॅक्टिकल जर्नलवर सही सरांची, शिक्का विभागाचा, आणि ज्यांनी मला कात्री धरायला शिकवली त्या लॅब अटेंडंटचं, म्हणजे तुमचं, नाव कुठेच नाही.

१९९४ साल. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ सुरू होऊन चार वर्षं झाली होती. मी तापीकाठच्या खेड्यातून एस.टी.ने येऊन बी.एस्सी. करत होते. मेणाच्या ट्रेत पांढरा उंदीर (रॅट, छोटा माऊस नव्हे), चारही पाय टाचण्यांनी ताणलेले, खोलीभर क्लोरोफॉर्मचा वास. पहिल्याच कापाला कात्रीचं टोक खोल गेलं, यकृताला लागलं आणि ट्रे लाल झाला. मला रडूच फुटलं. तुम्ही मागून आलात. "घाई कसाले करस, पोरी?" एवढंच बोललात आणि ड्रॉपरने पाणी सोडून रक्त धुऊन काढलंत. मग दाखवलंत: कातडी चिमट्याने उचलून धरायची, बोथट पातं आत, टोक सतत वरच्या बाजूला. श्वासपटल तसंच ठेवायला लावलंत. त्या पातळ पडद्यामागे गुलाबी फुप्फुसं दिसत होती. पडद्याला बारीक छेद दिला, तशी ती आक्रसली. छातीतल्या पोकळीचा दाब म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

पित्ताशयाचा दिवस तर मी विसरूच शकत नाही. यकृताच्या पाळ्या उलटसुलट करून मी अर्धा तास शोधत होते. माणसाच्या आकृतीत होतं, मग इथे का नाही? आपल्याच हातून कापलं गेलं असणार, असं मनाने घेतलं. तुम्ही म्हणालात, उंदराला ते नसतंच, पित्त यकृतातून नळीवाटे थेट लहान आतड्यात उतरतं. उजवं मूत्रपिंडही डाव्यापेक्षा वर असतं, माणसाच्या उलट. मी ते पुस्तकात बघून काढलं होतं. तुम्ही खोडरबर पुढे केलंत. "आधी ट्रेत बघ, मग वहीत काढ."

आतडं उलगडणं हे तर तुमचंच काम. आंत्रबंधाचा पडदा बोटाने हलकेच सोडवत, कुठेही न फाटता, ते ट्रेभर पसरायचात आणि मोठं, फुगीर अंधनाल (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी) शेवटी बाजूला मांडायचात. मादीचं गर्भाशय पहिल्यांदा दिसलं तेव्हा बेचकीसारखी दोन शिंगं बघून आम्ही चौघी वाकून बघतच राहिलो.

तास संपला की तुम्ही ते उंदीर वर्तमानपत्रात गुंडाळून मागच्या बाभळीखाली पुरायचात. आम्ही तोवर स्टँडकडे पळालेल्या असायचो.

आता मी शिकवते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करायला सांगितलं, २०१४ मध्ये थांबवायलाच सांगितलं. मला ते मनापासून पटतं. इतके जीव दरवर्षी लागायला नकोत. पण मॉडेलसमोर उभी राहिले की माझी बोटं तुम्ही शिकवलेल्या क्रमानेच चालतात: आधी श्वासपटल, मग यकृत, मग आतडं. मुलं पित्ताशय शोधतात. मी लगेच सांगत नाही, शोधू देते.

नाना, थंडी पडली की येते. बामणोदची वांगी मी घेऊन येईन. काकूंना म्हणावं, भरीत मी करणार.

तुमची विद्यार्थिनी