धाराशिवच्या मामांना, पुण्याहून

आदरणीय मामा,
सविनय नमस्कार.

फोनवर आपले आभार मानून झाले आहेत, तरीही हे पत्र मी मुद्दाम सर्वांसमोर लिहीत आहे. आमच्या भाड्याच्या गाडीचे चालक म्हणून आपण आम्हाला तेर गावात जे दाखवलेत ते पुण्यातल्या कितीतरी कुटुंबांच्या नेहमीच्या वाटेपासून जेमतेम तासाभराच्या अंतरावर आहे, आणि तरीही ते पाहायचे राहून जाते. आपल्यामुळे आमचे ते राहिले नाही, हे इतरांनाही कळावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आमच्याकडे भवानीचा कुळाचार असल्यामुळे तुळजापूर नवे नव्हते. पुण्याहून निघणाऱ्या मंडळींचा क्रमही ठरलेला असतो: तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर आणि परतताना पंढरपूर. आईची ओटी भरून झाल्यावर आम्हीही त्याच रस्त्याला लागणार होतो. तेव्हा आपण गाडीचे दार उघडता उघडता म्हणालात, “आक्का, देवीचं दर्शन झालं, आता आमचं तेर बघूनच जावा.” तेर हे आपले आजोळ आहे हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हते, मात्र आपल्या आवाजातल्या आग्रहामुळे आईने लगेच होकार दिला.

पुस्तकी माहिती माझ्याकडे थोडीफार होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापारी वृत्तान्तात दक्षिणापथातील दोन मोठ्या बाजारपेठा म्हणून पैठण आणि तगर यांची नावे येतात. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचे आणि तिथले कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे जात असल्याचे त्यात नोंदले आहे. ते तगर म्हणजेच तेरणा नदीकाठचे तेर, हे इतिहास अभ्यासक फ्लीट यांनी १९०१ साली मांडले. एवढे वाचून गेलेला माणूसही गावात शिरल्यावर गोंधळून जातो, कारण समोर दिसते ते इतर गावांसारखेच एक गाव. घरे, गल्ल्या, पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीची, टेकाडे आणि त्यांच्याच मध्ये दोन हजार वर्षे. तिथे कोणत्या गल्लीत वळायचे, कोणाला हाक मारायची आणि कशासमोर किती वेळ उभे राहायचे हे सांगणारे माणूस लागते, आणि ते आम्हाला आपल्या रूपाने मिळाले.

त्रिविक्रमाच्या देवळाशी आपण आम्हाला थेट गाभाऱ्यात नेले नाहीत, याबद्दल मी विशेष ऋणी आहे. आधी आपण आम्हाला मागच्या बाजूला नेलेत आणि विटांची भिंत कोपरा न करता अर्धवर्तुळात कशी वळते, वरचे छप्पर हत्तीच्या पाठीसारखे कसे उतरते, ते हाताने दाखवलेत. कार्ले आणि भाजे ही लेणी आम्हा पुणेकरांच्या शेजारची. तिथे कातळात कोरलेले चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचे प्रार्थनागृह, आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. तोच आकार इथे विटांनी बांधून उभा आहे, हे लक्षात आल्यावर मी चकित झाले. अशा बांधीव वास्तू आता देशात फार थोड्या शिल्लक आहेत. आंध्रातील चेझर्ल्याचे कपोतेश्वर मंदिर हे त्यांपैकी दुसरे प्रसिद्ध उदाहरण. तेरचे हे देऊळ मुळात बौद्ध चैत्यगृह असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. आज आत विष्णूचा त्रिविक्रम अवतार आहे, समोर दिवा आहे, फुले आहेत. आपण आधी मागची भिंत दाखवली नसतीत, तर आम्ही मूर्तीला नमस्कार करून बाहेर पडलो असतो आणि वास्तू पाहायची राहिली असती.

तिथून आपण आम्हाला संत गोरा कुंभार म्हणजेच गोरोबाकाकांच्या समाधीला नेलेत. संतांच्या मेळाव्यात गोरोबांनी थापटण्याने प्रत्येकाचे डोके थोपटून पाहिले आणि नामदेवांचे मडके अजून कच्चे असल्याचे सांगितले, ही कथा आईला तोंडपाठ आहे; पण आपण ती आजोळी ऐकलेल्या तपशिलांसह सांगितलीत तेव्हा ती पुन्हा नव्याने ऐकत होती. त्यानंतरच आपण लामतुरे संग्रहालय दाखवलेत, आणि हा क्रम किती विचारपूर्वक होता हे मला आत गेल्यावर उमगले. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावातल्या मातीतून वर आलेल्या वस्तू आयुष्यभर जपल्या आणि त्यांतूनच हे शासकीय संग्रहालय उभे राहिले. सातवाहन काळातल्या भाजक्या मातीच्या मूर्ती, मणी, भांडी पाहताना मनात सारखे येत होते की गोरोबांच्या कितीतरी शतके आधीपासून या गावाच्या हातांना माती माहीत होती. उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी द्वारचौकट तिथेच आहे. आणि ती हस्तिदंती स्त्रीमूर्ती! इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतील पॉम्पेई शहरात १९३८ साली अशाच घडणीची भारतीय मूर्ती सापडली होती. तेरणेच्या काठावरून रोमच्या जगापर्यंत माणसांची ये-जा होती, हे त्या लहानशा मूर्तीपुढे जितके पटते तितके कोणत्याही पुस्तकाने पटले नव्हते.

धाराशिव लेण्यांबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण तिथे मला पुन्हा सावकाश जायचे आहे. घळीच्या कडेला कोरलेली ती लेणी आधी बौद्धांची आणि नंतर जैनांची झाली, आणि करकंड राजाला तेरापूरजवळच्या लेण्यात पार्श्वनाथांची मूर्ती गवसल्याची जुनी जैन कथा याच परिसराशी जोडली जाते. आईचे गुडघे दुखतात हे ओळखून आपण तिला आधार देत, थांबत थांबत उतरवलेत आणि आतल्या अंधारात विजेरी घेऊन उभे राहिलात. हे आपल्या भाड्यात धरलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशीचे अंबाजोगाईही आपल्यामुळेच पाहून झाले. योगेश्वरी ही कितीतरी कोकणस्थ घराण्यांची कुलदेवता असल्याने पुण्याची माणसे तिथे जातात, पण बहुतेक जण देवळाच्या पायरीवरूनच परततात. आपण आम्हाला हत्तीखान्यातील दगडी हत्ती, बाराखांबी मंदिर आणि मुकुंदराजांची समाधी दाखवलीत, आणि दासोपंतांच्या पासोडीबद्दल सांगितलेत. सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर ओव्या लिहिणाऱ्या त्या संताचे नाव माझ्या मुलाला तोपर्यंत माहीत नव्हते. आता तो स्वतःहून त्याविषयी विचारतो. जांभ्या दगडातली खरोसा लेणी वेळेअभावी राहिली, ती पुढच्या वेळी आपल्याबरोबरच पाहू.

मामा, या भागात मार्गदर्शक फलक थोडे आहेत आणि जे आहेत त्यांवरची अक्षरे उन्हाने पुसट झाली आहेत. वारसा जपायचा तर उत्खनने, डागडुजी आणि निधी लागतोच. परंतु आलेल्या माणसाला योग्य भिंतीसमोर उभे करणारा माणूसही तितकाच लागतो, आणि आपण ते काम कोणी न सांगता करत आहात. पुण्यातून आपल्याकडे येणाऱ्या प्रवाशांनी आपल्याला घाई करू नये, एवढीच माझी त्यांना विनंती आहे.

छायाचित्रे छापून कुरिअरने पाठवली आहेत. त्रिविक्रमाच्या मागच्या भिंतीचे मोठे छायाचित्र गुरवकाकांना द्यावे. मार्गशीर्षात माझी मावशी आणि तिची मुले तुळजापूरला येणार आहेत. त्यांना आपला क्रमांक दिला आहे आणि तेरसाठी पूर्ण दिवस राखून ठेवायला सांगितले आहे. संग्रहालयाच्या सुट्टीचा वार तेवढा त्यांना आधी कळवावा. आईने मामींना आणि मुलांना आशीर्वाद सांगितले आहेत.

आपली नम्र,
पुण्याची आपली भाची