आरोपी मेला म्हणून संस्थेचा हिशेब मिटत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचे निकाल लागले, सीईटीचे गुण हाती आले आणि गावोगावचे पालक मुलींना घेऊन शहरांतल्या महाविद्यालयांच्या पायऱ्या झिजवू लागले आहेत. शुल्क किती, प्लेसमेंट कशी, मेसचे जेवण बरे आहे का, पाणी दिवसभर असते का, हे सगळे विचारून होते. वसतिगृहात पुरुष कर्मचारी कुठपर्यंत जाऊ शकतात, आणि उद्या काही विपरीत घडलेच तर त्याचे लेखी उत्तर कोण देणार, हे मात्र कोणी विचारत नाही. असे काही विचारले तर प्रवेशच अडेल, ही धास्ती मी अनेक आईवडिलांच्या चेहऱ्यावर पाहिली आहे. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

जून २०२३ मध्ये मुंबईत चर्नी रोडजवळच्या मुलींच्या शासकीय वसतिगृहात एका विद्यार्थिनीचा तिच्या खोलीत मृतदेह सापडला. बलात्कार करून खून, असा गुन्हा नोंदला गेला. संशयित बाहेरून भिंत चढून आलेला नव्हता. वर्षानुवर्षे त्याच वसतिगृहात काम करणारा माणूस होता. त्याच दिवशी रेल्वे रुळांवर त्याचाही मृतदेह मिळाला. आरोपीच राहिला नाही म्हटल्यावर फौजदारी खटला तिथेच संपतो, कायदा तसाच आहे. त्या मुलीच्या आईवडिलांना कोणत्याही न्यायालयात ‘दोषी’ हा शब्द ऐकायला मिळणार नाही.

मग उत्तर द्यायला कोण उरले? उरली ती संस्था, म्हणजे वसतिगृह चालवणारे सरकारी खाते. सुट्टीत बहुतेक मुली गावी गेल्या असताना मागे राहिलेल्या मुलींना एकाच मजल्यावर एकत्र का ठेवले नाही? पुरुष कर्मचाऱ्याला रात्री राहत्या मजल्यांवर जाता येईल अशी व्यवस्था कोणी चालू दिली? या प्रश्नांची उत्तरे आरोपीबरोबर गेलेली नाहीत. ती हजेरीपटात, नेमणुकीच्या आदेशांत आणि रात्रपाळीच्या नोंदवहीत आहेत. सरकारने तेव्हा चौकशी समिती नेमली होती. तिच्या शिफारशी कोणत्या आणि राज्यातल्या किती शासकीय वसतिगृहांत त्या अमलात आल्या, याचा वसतिगृहनिहाय तक्ता विधिमंडळाच्या पटलावर ठेवावा, ही माझी पहिली मागणी.

चेन्नईचे उदाहरण मुद्दाम देते. २३ डिसेंबर २०२४ च्या संध्याकाळी अण्णा विद्यापीठाच्या आवारात अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थिनीवर अत्याचार झाला. तिने तक्रार केली आणि काही दिवसांतच तिची ओळख पटेल अशा तपशिलांसह पोलिसांचा प्राथमिक माहिती अहवाल (एफआयआर) इंटरनेटवर फिरू लागला. ज्या मुलीने धाडस केले तिलाच यंत्रणेने उघड्यावर आणले. मद्रास उच्च न्यायालयाने तीन महिला आयपीएस अधिकाऱ्यांचे विशेष तपास पथक नेमले, अहवाल फुटल्याबद्दल राज्य सरकारने २५ लाख रुपये अंतरिम भरपाई द्यावी असा आदेश दिला आणि तिचे उरलेले शिक्षण विद्यापीठाने विनाशुल्क पूर्ण करावे असेही बजावले. २ जून २०२५ रोजी आरोपीला जन्मठेप झाली, किमान ३० वर्षे सुटका नाही अशा अटीसह.

घटनेपासून शिक्षेपर्यंत सहा महिनेही लागले नाहीत. मनात आणले तर होते. त्याहून मोलाचे मला हे वाटते, की न्यायालयाने गुन्हेगाराच्या शिक्षेची वाट न पाहता आधी यंत्रणेला जाब विचारला. मुलीचे शिक्षण सुटू नये ही जबाबदारी विद्यापीठावर टाकली. आपल्याकडे अशी घटना घडली की संस्थेचे पहिले वाक्य ठरलेले असते: ‘प्रकरण पोलिसांकडे आहे, आम्ही भाष्य करणार नाही.’ पोलिसांचा तपास गुन्हेगारापुरता असतो. संस्थेला काय माहीत होते, कधीपासून होते आणि तिने काय केले, हा तपास वेगळा आहे आणि तो संस्थेला स्वतःविरुद्ध करावा लागतो. तिथेच सगळे अडते.

कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात ऑगस्ट २०२४ मध्ये काय झाले ते सगळ्यांनी वाचले आहे. सेमिनार हॉलमध्ये प्रशिक्षणार्थी डॉक्टर तरुणीचा बलात्कार करून खून झाला. प्राचार्यांनी राजीनामा दिला आणि त्याच दिवशी त्यांना दुसऱ्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद मिळाले! त्यांना रजेवर पाठवा, हे उच्च न्यायालयाला सांगावे लागले. सरकारने एक दिवसही न थांबता हे स्वतःहून करायला नको होते का?

ओडिशातल्या बालासोरची बातमी वाचली तेव्हा मी कितीतरी वेळ सुन्न बसून होते. जुलै २०२५ मध्ये तिथल्या महाविद्यालयातल्या बी.एड.च्या विद्यार्थिनीने विभागप्रमुखांविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली होती. दाद लागत नाही म्हणून तिने महाविद्यालयाच्या आवारातच स्वतःला पेटवून घेतले आणि दोन दिवसांनी ती गेली. तिने पेटवून घेतल्यावर निलंबन झाले, अटका झाल्या, चौकश्या नेमल्या गेल्या. तिच्या तक्रारअर्जावर जी हालचाल व्हायला हवी होती ती तिच्या जळण्यानंतर झाली.

मी बरीच वर्षे एका जिल्ह्याच्या गावी महाविद्यालयात शिकवले आणि तिथल्या अंतर्गत तक्रार समितीवर, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या समितीवर, काम केले. नियम आपल्याकडे कमी नाहीत. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे आणि खास उच्च शिक्षण संस्थांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम आहेत. चौकशी ९० दिवसांत पूर्ण करायची, अहवाल दहा दिवसांत व्यवस्थापनाला द्यायचा, त्यावर तीस दिवसांत कारवाई करायची. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांनी समितीवर असायचे नाही. विद्यार्थ्यांचे प्रकरण असेल तेव्हा तीन विद्यार्थी प्रतिनिधी हवेत आणि तेही निवडणुकीने आलेले. एक सदस्य संस्थेबाहेरचा हवा. कागदावर हे इतके नेटके आहे की नॅकची (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) समिती आली की फाईल टेबलावर सर्वांत वर ठेवतात.

प्रत्यक्षात विद्यार्थी प्रतिनिधी निवडून येत नाहीत, प्राचार्य नावे सुचवतात. समितीवरच्या प्राध्यापिकेची नेमणूक तासिका तत्त्वावर असते. पुढच्या वर्षी तिला तास मिळणार की नाही हे ज्यांच्या हाती, त्यांच्याच मर्जीतल्या माणसाविरुद्ध तिने निकाल द्यायचा. बाहेरचा सदस्य संस्थाचालकांच्या नात्यातला किंवा पक्षातला निघतो. आणि मुलगी तक्रार घेऊन येते तेव्हा तिला सर्वांत आधी ऐकवले जाते, ‘बघ, घरी कळले तर तुझे शिक्षण बंद होईल.’ हे वाक्य सल्ला म्हणून बोलले जाते, पण मुलींना त्यातली धमकी बरोबर कळते. कारण ते खरे असते. खेड्यातून आलेल्या मुलीला आरोपीची जेवढी भीती असते तेवढीच भीती असते पुढच्या लगीनसराईची. तिने अर्ज मागे घेतला की फाईलवर शेरा पडतो: ‘आपसात मिटले.’

विनियमांतली एक तरतूद तर फार थोड्यांना ठाऊक असते. चौकशी चालू असताना ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला त्या मुलीची उत्तरपत्रिका तपासण्यापासून किंवा तिच्या कामाचे मूल्यमापन करण्यापासून रोखता येते. अंतर्गत गुण आणि पीएच.डी.च्या मार्गदर्शकाची सही यांच्या धाकानेच निम्म्या तक्रारी गिळल्या जातात, हे शिकवणारा प्रत्येक जण जाणतो. ही एक तरतूद जरी वर्गावर्गांत जाऊन वाचून दाखवली तरी काही मुलींना बोलायचा धीर येईल.

खोट्या तक्रारींचे काय, असे विचारणारे प्रत्येक सभेत भेटतात. त्यांनी आणि आम्ही सगळ्यांनीच गोवा विद्यापीठाचे प्रकरण अभ्यासायला हवे. तिथल्या एका विभागप्रमुखाविरुद्ध विद्यार्थिनींनी २००९ मध्ये तक्रारी केल्या. समितीने घाईघाईत चौकशी उरकली, त्याला बडतर्फ केले गेले, मुंबई उच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळे रद्द ठरवले, कारण त्याला बाजू मांडायची पुरेशी संधी दिली गेली नव्हती. चौकशी २००९ मध्ये जिथे बिघडली तिथून पुन्हा करा, असा आदेश झाला. चौदा वर्षांनी! ज्या मुलींनी तक्रार केली त्यांनी आता कोणत्या तोंडाने, कोणत्या आठवणींवर पुन्हा जबाब द्यायचा? समितीला चौकशी कशी करायची हेच शिकवले नव्हते, आणि त्याची किंमत आरोप सहन करणाऱ्याइतकीच, माझ्या मते त्याहून जास्त, तक्रारदार मुलींनी मोजली. प्रशिक्षण न देता समिती नेमणे हा दोन्ही बाजूंवरचा अन्याय आहे.

राज्याच्या उच्च शिक्षण खात्याला माझे सांगणे आहे की समितीवरच्या अध्यापकांची नेमणूक आणि वेतनवाढ त्या काळापुरती संस्थाचालकांच्या हातातून काढून घ्या. बाहेरचा सदस्य विद्यापीठाने स्वतःच्या यादीतून नेमावा. वर्षात तक्रारी किती आल्या, किती ९० दिवसांत निकाली निघाल्या, किती मागे घेतल्या गेल्या, ही संख्या नावे न घेता प्रवेश पुस्तिकेत छापणे सक्तीचे करा. शून्य तक्रारी हे प्रशस्तिपत्र समजू नका. हजारो मुली शिकतात तिथे शून्य दिसले तर विद्यापीठाने आधी तिथे जाऊन मुलींशी बोलावे. कायदा न पाळल्याबद्दलचा ५० हजार रुपयांचा दंड बड्या संस्थेला चहापाण्याचा खर्च वाटतो. अनुदान रोखण्याचा आणि संलग्नता काढण्याची शिफारस करण्याचा अधिकार आयोगाला याच विनियमांनी दिला आहे, तो वापरून दाखवा.

आणि पालकांनो, यंदा प्रवेश घेताना काउंटरवर समितीच्या सदस्यांची नावे आणि फोन नंबर लेखी मागा. सोबत गेल्या वर्षीचा समितीचा अहवालही मागा. एकट्याने मागायला संकोच वाटत असेल तर रांगेतल्या चौघांनी मिळून मागा. नाही म्हणाले तर ते ‘नाही’ही लेखी घ्या आणि विद्यापीठाला पाठवा.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका, जि. सांगली
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)