माळावरची झाडं काढा, साहेब

प्रति,
मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: नान्नजच्या माळढोक अभयारण्यातील लागवड टप्प्याटप्प्याने काढून गवताळ माळ पूर्ववत करण्याबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

झाडं लावा म्हणणारी पत्रं तुमच्याकडे पोत्यानं येत असतील. झाडं काढा म्हणणारं बहुधा हे पहिलंच. तरी राग न मानता शेवटपर्यंत वाचावं, ही विनंती.

सोलापूरहून बार्शी रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर नान्नज. पुढे-मागे मार्डी, कारंबा, अकोलेकाटी. पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही त्याच्या लहरीनं. वर वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. अशा जमिनीवर कुसळी, पवन्या, मारवेल ही गवतं पिढ्यान्पिढ्या तग धरून आहेत. दिवाळीच्या सुमारास माळावरून चालून आलात तर पायमोजे आणि धोतराचा काठ कुसळांनी भरतो, आणि ती उपसत बसावं लागतं. एक कुसळ तळहातावर घेऊन त्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. ओल लागली की ते पीळ सोडतं, वाळलं की पुन्हा पीळ घेतं, आणि असं गरगर फिरत टोकाचं बी मातीत घुसवतं. त्याला खड्डा, टँकर, ट्री गार्ड काही लागत नाही. उद्घाटनाला पाहुणेही लागत नाहीत.

हा माळ आणि त्यावरचा माळढोक पक्षी वाचावा म्हणून १९७९ मध्ये इथे अभयारण्य झालं. कागदावर त्याचा पसारा सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर. त्यात गावंच्या गावं आली, जमिनींची खरेदी-विक्री अडली, आणि लोकांच्या मनात त्या बिचाऱ्या पक्ष्याविषयीच अढी बसली. पुढे क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं, ते बरंच झालं. पण ज्या तुकड्यांवर खरोखर वनखात्याचा ताबा होता, तिथे काय झालं? गवताळ माळावर गिरिपुष्प, सुबाभूळ ही मुळात परदेशातली झाडं लावली गेली. गिरिपुष्पाला आमच्याकडे उंदीरमारीही म्हणतात. ते छाटलं की दुपटीनं फुटतं, आणि दाट वाढलं की त्याच्या सावलीत गवत टिकत नाही.

माळढोकाला काय लागतं, हे काही गुपित नाही. १९८०च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या असद रहमानी यांच्यासारख्या अभ्यासकांनी नान्नजचा माळ तुडवला आहे. मीटरभर उंचीचा, पंधरा किलोपर्यंत भरणारा हा पक्षी. नर गळ्याची पिशवी फुगवून मादीला बोलावतो, त्यासाठी चौफेर मोकळं रान हवं. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते आणि लांबूनच धोका हेरते. झाडांची भिंत उभी केली की तिची नजर अडते. वर ज्वारी कमी होऊन ऊस आणि द्राक्षं वाढली, विजेच्या तारा आल्या. (या पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही, म्हणून तो तारांवर आदळतो.) आज नान्नजला एखादा माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते.

खात्याला दोष देणं सोपं आहे, पण मुळात रोग दप्तरात आहे. माळ म्हणजे पडीक, आणि पडीक म्हणजे झाडांवाचून राहिलेली जागा, असा हिशेब सरकारी नोंदींत पक्का बसलाय. २०१६ ते २०१९ या काळात राज्यात पन्नास कोटी झाडांचं लक्ष्य ठरलं. उद्दिष्ट गाठायचं तर मोकळी जागा हवी, आणि मोकळी दिसते ती माळाची. जेसीबीनं चर खणले की मुरूम वर येतो, आणि तिथे पुन्हा कुसळी धरायला कित्येक पावसाळे जातात.

तुम्हाला झाडांचंच उदाहरण देतो. अमेरिकेत टोरी पाइन नावाचा अतिशय दुर्मीळ पाइन आहे. निसर्गतः तो दोनच ठिकाणी उगवतो: सॅन दिएगोजवळचा समुद्रकिनारा आणि सांता रोझा हे बेट. बेटावर माणसानं बाहेरून आणलेली गुरं, हरणं, एल्क (हरणाचीच एक मोठी जात) चरायची. १९९८ मध्ये गुरं हलवली, २०११ पर्यंत हरणं आणि एल्कही काढली. तिथे जंगल वाचवायला चरणारी जनावरं काढावी लागली, इथे माळ वाचवायला झाडं काढावी लागतील. दोन्हीकडे काढायचं ते उपऱ्यालाच.

आता कुणी म्हणेल, माळढोक राहिलाच नाही, मग हा खटाटोप कशासाठी? माळावर लांडगा आहे, काळवीट आहे, कोल्ह्याच्या जातीचं खोकड आहे, धाविक, पखुर्डी हे जमिनीवर वावरणारे पक्षी आणि हिवाळ्यात येणारे भोवत्ये हे शिकारी पक्षी आहेत. शिवाय राजस्थानात जैसलमेर जिल्ह्यात माळढोकाची कृत्रिम पैदास चालू आहे. उद्या त्यातले पक्षी महाराष्ट्राला मिळायचे झाले, तर सोडणार कुठे? उंदीरमारीच्या रानात?

म्हणून मागणी अशी. अभयारण्याच्या हद्दीत नवी वृक्षलागवड आणि चर खणणं लेखी आदेशानं थांबवावं. असलेली गिरिपुष्प आणि सुबाभूळ एकदम तोडू नये. लांडगे दिवसा त्या सावलीत विसावतात, म्हणून आधी पाहणी व्हावी, त्यांच्या पिल्लांची जागा वगळावी आणि पट्ट्यापट्ट्यानं, बुंध्यासकट काढावी. नुसती छाटली तर पुन्हा फुटणारच. निघालेला पाला आसपासच्या शेतकऱ्यांना हिरवळीच्या खताला द्यावा, तो वाया जाणार नाही. मोकळ्या झालेल्या पट्ट्यात इथलंच कुसळी-पवन्याचं बी पेरावं, बाहेरचं नको. ते गोळा करायचं काम गावच्या बचत गटांना द्या. मेंढपाळांना सरसकट हाकलू नका. ठरावीक काळ, ठरावीक तुकड्यात चराई ठेवली तर गवत मोकळं राहतं आणि गावही आपल्या बाजूला राहतं. आणि या जमिनींची नोंद 'पडीक' न ठेवता 'गवताळ माळ' अशी करायला महसूल खात्याला तुम्हीच सांगू शकता.

जुलैच्या लागवडीचे खड्डे उन्हाळ्यातच खणले जातात. तेव्हा आदेश निघायचा तर त्याआधी निघावा. जागा बघायला या, मार्डीच्या बाजूनं गाडी लावून अर्धा तास चालावं लागेल. बूट घालून या, कुसळं लागतील.

आपला,
एक सोलापूरकर

प्रत माहितीसाठी: मा. पालकमंत्री, सोलापूर जिल्हा