क्योतोहून नंदूला

प्रिय नंदू,

फोनवर सांगून भागलं नसतं, म्हणून लिहायला बसलो. काल कावाई कांजिरो या जपानी कुंभाराच्या घरी जाऊन आलो. गोजोझाकाच्या गल्लीतलं लाकडी घर. १९३७ साली स्वतःच्या आराखड्याने बांधलेलं, आता तिथे संग्रहालय आहे. अंगणात एक मोठा गोल धोंडा आहे. गावाकडचे मित्र नव्या घरासाठी दगडी दिवा देणार होते, यांनी गोल दगडच मागून घेतला!

मागे भट्टी. उतारावर एकाला एक लागून आठ खण, खालची आच वर चढत जाणारी. आसपासचे कुंभारही तिच्यातच माल लावायचे. मी तोंडाशी उकिडवा बसलो. वर्षानुवर्षांच्या राखेने विटांवर काचेसारखा थर चढलाय. बोट फिरवलं आणि आपली पहिली भट्टी आठवली.

त्यांच्या भांड्यांवरचा तांब्याचा लाल ग्लेझ, म्हणजे काचेसारखी झिलई, तू बघायला हवा होतास. तुला माहीतच आहे, भट्टीत हवा जास्त झाली की तोच तांब्याचा ग्लेझ हिरवा पडतो. तरुणपणी त्यांनी हामादा शोजी या कुंभारमित्राबरोबर इथल्या संशोधन संस्थेत ग्लेझचे हजारो प्रयोग केले. १९२१ च्या पहिल्या प्रदर्शनात जुन्या चिनी-कोरियन वळणाची भांडी मांडली, वाहवा झाली. पण त्यांचंच मन त्यात रमेना. रोजच्या वापरातल्या, अनाम कारागिरांच्या भांड्यांकडे ते वळले आणि पुढे आपल्या भांड्यांवर नाव घालणंच सोडलं. १९५५ मध्ये सरकार ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणून गौरवायला निघालं, त्यालाही नकार. मिलानचं १९५७ चं मोठं बक्षीस मिळालं, तेही मित्राने भांडं परस्पर पाठवलं म्हणून.

मी कपाटातल्या एका वाडग्याचं बूड वाकून वाकून पाहिलं. कोरं. तरी शेजारच्या दहा भांड्यांत ते त्यांचंच आहे हे लगेच कळतं. जाड, बसकं, हातात घ्यावंसं वाटणारं.

तुझे कप त्या दुकानाने स्वतःच्या नावावर विकले, तेव्हा ‘शिक्का मार’ म्हणून मीच तुझ्या मागे लागलो होतो. तुझा राग खराच होता, आणि ते दुकान चुकलंच. कावाईंनी नाव स्वतःहून सोडलं, तुझं कुणीतरी काढून घेतलं. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण त्यानंतर तू चाकावर बसलाच नाहीस, ते मला सलतंय.

तांब्याच्या चाचणीचे हिरवे पडलेले तुकडे फेकू नकोस. मी १४ तारखेला पोचतोय. भट्टी पुन्हा लावू, या वेळी हवेची झडप लवकर बंद करून बघू.

तुझा,
श्री